माणशी ऊब

पार्वतीबाईंची लेक अंबूताई, अंबूताईंची लेक द्वारका, आणि द्वारकेची लेक कुमुदिनीबाई. पहिल्या तिघींनी चुली सांभाळल्या. महाबळेश्वरावर बर्फ साचू लागले तेव्हा कुमुदिनीबाईंच्या वाट्याला सरकारी शेगडी आली.

यजमान गेल्यापासून शेगडीची ज्योत खाली बसली होती. बाईंनी चिपाडाच्या गोळ्या चाळल्या, त्या पुढे ढकलणारे मळसूत्र पुसले, हवेची जाळी झाडली, धुराडे खरवडले. ज्योत वाढेना.

“बिघाड नाही, आजी,” शेगडी बघायला आलेला तपासनीस म्हणाला. “ती खोलीतले श्वास मोजून माणशी इंधन सोडते. आता तुम्ही एकट्याच.”

“म्हणजे ते गेल्याचं तिला माझ्याआधी पटलं!”

संध्याकाळी शेजारच्या रखमाबाई अंथरूण घेऊन आल्या. “शेगड्या आल्या त्या हिवाळ्यात मी एकटी होते; मुलगा-सून, नातवंडं नंतर आली. यजमानांना घरी गारठत ठेवून तुम्ही नव्वद दिवस माझ्याकडे राहिलात, वैनी. सरका जरा.”

नव्वद दिवस दोघी उबेत पत्ते खेळल्या आणि लबाडीवरून भांडल्या. तिकडे रखमाबाईंच्या घरचे इंधन एका माणसाने घटले होते. नातवंडे खोकू लागली होती. एक्याण्णवाव्या सकाळी त्यांनी अंथरूण गुंडाळले.

“फिटलं ना, वैनी?”

“पुरेपूर,” कुमुदिनीबाई ताठ मानेने म्हणाल्या आणि त्यांना फाटकापर्यंत पोचवून आल्या.