भाग 'अ'

"गुरुजी, तुमी टाकल्याली यादी आनली! पंचवीस झेरॉक्स काढल्या!"

गोजरबाई दारातूनच ओरडत वर्गात शिरली. फळ्यापाशी उभ्या रामहरी गुरुजींना आधी काहीच उमजेना. मग तिच्या हातातला वरचा कागद दिसला आणि खडू बोटांतून सुटला.

अराज्यवाद, म्हणजे सरकारच नको म्हणणारा विचार, समजून घ्यायचा असेल तर कुठली पुस्तकं वाचावीत, त्याची यादी. काल संध्याकाळी नगरच्या मित्राला पाठवलेली. मित्रालाच ना? गुरुजींनी खिशातला मोबाईल चोरून पाहिला. मित्राला काही गेलेली नव्हती. 'आपली शाळा - पालक' या ग्रुपवर गेली होती, आणि अठ्ठेचाळीस जणांनी पाहिली होती. तिघांनी तर हातसुद्धा जोडले होते.

एरवी माणूस हसला असता. पण वर्गातल्या एकुलत्या एक खुर्चीत आज केंद्रप्रमुख बसले होते. बारा शाळांवरचे साहेब, शाळा तपासायला आलेले.

यादीतली नावं तरी कशी! 'सरकारावाचून गाव', 'मालक नसलेला कारखाना', 'तुरुंग हवेतच कशाला?' गुरुजी बिचारे दारू पीत नव्हते, पत्ते खेळत नव्हते, नुसते वाचत होते. पण खायचा सरकारचा पगार आणि वाचायचं हे! मागच्या साली पलीकडच्या तालुक्यात एका मास्तराला एवढासा मेसेज पुढं ढकलल्यावरून निलंबित केलं होतं. तो अजून चौकशीला खेटे घालतोय. उद्या आपलंही तेच, आणि घरी सांगायचं काय?

"गोजरबाई, ते जरा नंतर बघू," ते कसेबसे म्हणाले.

"नंतर कशाला? आत्ता देते की." गोजरबाई म्हणजे तिसरीतल्या सृष्टीची आजी आणि बचत गटाची अध्यक्ष. एक काम हातात घेतलं की धसास लावल्याबिगर सोडायची नाही. "बाया इचारीत हुत्या, एवढी पुस्तकं घ्यायची का म्हून. म्या म्हनलं, गुरुजींनी सांगितलंय म्हंजी घ्यायलाच लागतील. टेम्पोवाला उद्या नगरला चाललाय, त्याला सांगून ठिवलंय. घ्या साहेब, ही एक तुमाला."

झालं. कागद साहेबांच्या हातात गेला.

साहेब वाचू लागले. मध्येच थांबले. पुन्हा वरपासून वाचू लागले. गुरुजींची पाचावर धारण बसली. 'सदर यादी माझ्याकडून अनवधानाने', इथवर खुलासा त्यांनी मनातल्या मनात लिहिलासुद्धा, पण पुढचं वाक्य काही सुचेना. गुरुजींना घाबरलेलं पोरांनी पहिल्यांदाच पाहिलं.

"गुरुजी," साहेब अगदी हळू आवाजात म्हणाले, "हा भाग 'अ' झाला. 'ब' कुठंय?"

गुरुजींचं लक्ष 'अराज्यवाद' या मथळ्याकडं गेलं. झेरॉक्सवाल्यानं अक्षरं मोठी करायच्या नादात 'अ' एकटाच कडेला टाकला होता आणि 'राज्यवाद' मधोमध ठसठशीत छापला होता.

"राज्यस्तरावरचं दिसतंय," साहेब म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "मला कसं नाही मिळालं? परवा मीटिंगमध्ये मी चहाला म्हणून बाहेर गेलो, तेवढ्यात निघालं का पत्र? बाकीच्यांचे अहवाल गेले असतील तर माझी वाट लागली हो! खरं सांगा, वरूनच आलंय ना?"

म्हणजे साहेबही घाबरलेले. गुरुजींपेक्षा जास्तच, म्हणा ना.

माणसानं माणसावर हुकूम चालवू नये, हे गुरुजी वीस वर्षं वाचत होते. मनापासून मानतही होते. एकदा 'नाही' म्हणायचं, आणि होईल ते होईल.

"हो साहेब," ते म्हणाले. "वरूनच. 'ब' यायचाय अजून."

स्वतःचीच लाज वाटली त्यांना. पण खोटं कशाला बोला, सुटल्याचा आनंद त्याहून मोठा होता.

साहेबांनी घाईघाईनं कागदाचा फोटो काढला आणि बाकीच्या अकरा शाळांना पाठवून दिला. टाईप करताना तोंडानं म्हणतही होते, "अत्यंत तातडीचे. पुस्तके वाचल्याचा अहवाल उद्या दुपारपर्यंत सादर करावा. सबब चालणार नाही." गुरुजींना नवीच धास्ती पडली. अकरा शाळांतल्या मास्तरांमधला एखादा तरी वाचणारा निघायचाच, आणि यादी कशाची ते त्याला कळायचंच.

गोजरबाईनं एव्हाना चष्मा लावला होता. यादीच्या पार तळाशी गुरुजींनी मित्रासाठी म्हणून एक ओळ लिहिली होती. त्या ओळीवर बोट ठेवून ती एकेक शब्द जुळवत होती.

"गुरुजी, हितं लिवलंय बगा. 'कुणी वरून सांगितलं म्हणून यातलं एकही पुस्तक वाचू नकोस. मनाला वाटलं तरच वाच.'" तिनं मान वर केली. "आन् साहेब तर म्हंत्यात, वरून आलंय. मंग आमी वाचायची का न्हाई?"

साहेबांनी गुरुजींकडं पाहिलं. गुरुजींनी साहेबांकडं.

"वाचायची!" दोघं एकदमच ओरडले.