त्र्याहत्तरच्या रांगा

गोदू अंगणात सुपारी वाळत घालत होती. तेवढ्यात अंबाजी सर काठी टेकत फाटकापाशी आले. निवृत्त होऊन त्यांना पंधरा वर्षं झाली, तरी त्यांना पाहिलं की गोदू अजून पदर सावरायची.

"या सर, बसा."

सर बसले नाहीत. खिशातून एक कागद काढून त्यांनी तिच्यापुढे धरला. त्यावर एकच गुणाकार होता: ७३ × १३७ = १०,००१.

"काल नातीनं विचारलं, आजोबा, मोठीशी मूळ संख्या सांगा. मी छातीठोकपणे सांगितलं, दहा हजार एक. एक आणि ती स्वतः सोडून कशानंही भाग जायचा नाही. तिनं मोबाइलवर बोट फिरवलं आणि हसायलाच लागली."

आयुष्यभर ही संख्या सरांनी मिरवली होती. तरुणपणी एकाहत्तरपर्यंत भागून पाहिलं, बाकी उरतच गेली. पुढचा भाजक त्र्याहत्तर. पण कंटाळा आला आणि त्यांनी वही मिटली. मास्तरानं वही मिटली की गणित सुटलं, आणि ते फळ्यावर आलं की काळ्या दगडावरची रेघ!

ती रेघ पुसायला सातवीतली एकटी गोदू उठली होती. "सर, मी घरी सुपाऱ्या मांडून बघितल्या. त्र्याहत्तर-त्र्याहत्तरच्या रांगा लागतात. एक पण उरत न्हाय. चला, दाखवते."

"गणित काय अंगणात करतात? खोटारडी कुठली!" म्हणत सरांनी तिला वर्गाबाहेर काढलं. पोरं फिदीफिदी हसली. गोदू पुन्हा शाळेत आली नाही. सरांनीही कधी चौकशी केली नाही.

"तुझं बरोबर होतं, गोदू," सर म्हणाले. "माझं चुकलं. फार चुकलं."

"ठाव हाय मला." गोदू सुपारीवरून हात फिरवत राहिली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि सरांना तेच सोसवेना. "हातच्या काकणाला आरसा कशाला? हितंच तर मांडल्या होत्या."

"मग शाळा का सोडलीस?"

"सोडली कुठं? तुम्ही येऊन बघाल, मग जाईन म्हटलं. बापूस रोज म्हणायचा, उचल त्या सुपाऱ्या. तीन दिवस मी हात लावू दिला न्हाय. मग त्यानंच पोत्यात भरल्या."

सरांनी काठी घट्ट धरली. शाळेची वाट तेव्हा या अंगणातूनच जायची. त्या सुपाऱ्या त्यांना आता लख्ख आठवल्या. एकीवरही पाय पडू नये म्हणून तिन्ही दिवस ते कुंपणाच्या कडेनं वळसा घालून गेले होते.