गंगम्माची मैत्रीण

“नागव्वानं हे ऐकून घेतलं नसतं,” गंगम्मा म्हणाली, आणि तिच्या आईच्या, महानंदाच्या हातातली भाकरी तव्यावर पडायच्या आधीच मोडली.

“कोण नागव्वा?”

“हाय एक.”

बास, एवढंच. पोरगी ताट घेऊन उठली. रॉकेलवाल्यानं मापात मारलं आणि अव्वा, म्हणजे आई, गुमान घरी आली, एवढ्यावरून विषय निघाला होता. पण ते नाव महानंदाच्या डोक्यातून जाईना.

गंगम्माचं मॅट्रिकचं वर्ष. वर्गात कविता म्हणायला उभं केलं की तिचे पाय लटपटत. एकदा तर घेरी येऊन बाकावर कोसळली. बापानं, सिद्धप्पानं सांगून टाकलं, तोंडातनं शब्द फुटत नसला तर शाळा बंद, वैरागचं स्थळ तयार आहे. म्हणून महानंदानंच लेकीला शाळेतल्या वच्छलाबाईंकडे नेलं होतं. बाई पुण्याहून मानसशास्त्र शिकून आलेल्या. शनिवारी शाळा सुटली की एकेका मुलीला जवळ बसवून बोलत.

त्यांची तऱ्हाच निराळी. औषध नाही, उपदेश नाही. ओळखीच्या तीन माणसांच्या नावांच्या तीन चिठ्ठ्या पुढ्यात ठेवायच्या आणि विचारायचं, यातली कोणती दोन सारखी, अन् तिसरं वेगळं ते कशात? आपण माणसांना कोणत्या मापानं मोजतो ते त्यातून कळतं म्हणे.

“मग माझी चिठ्ठी कुणाबरोबर ठेवलीस?” महानंदानं तेव्हा हौसेनं विचारलं होतं.

“माझ्याबरोबर.”

“कशात सारख्या गं आपण?”

“दोघी भितो की.”

ते तिला लागलं होतं, पण तिनं गिळलं. निदान दोघी एकीकडे होत्या. आता मध्येच ही नागव्वा उपटली.

आठवडाभरात पोरगी बदलली. रॉकेलच्या दुकानात स्वतः गेली आणि माप पुन्हा भरायला लावलं. जेवताना बापाला म्हणाली, “आप्पा, मला आजून शिकायचंय.” सिद्धप्पा तिच्याकडे बघतच राहिला, रागवायचं विसरून त्यानं आणखी एक भाकरी मागितली. भांडी घासताना ती कानडी गाण्याची एक ओळ घोळवायची. सासरी सगळे मराठी बोलत, म्हणून महानंदानं आपली कानडी केव्हाच बासनात बांधली होती, लेकीला शिकवलीही नव्हती. रुद्रप्पामामाकडे दुधनीला, महानंदाच्या माहेरी, जाऊन आली तेव्हासुद्धा ही अशी नव्हती. म्हणजे ती मेली नागव्वा हिला गाणीही शिकवत होती.

खरं तर महानंदानं देवापुढं नारळ फोडायला हवा होता. लेकीला वाचा फुटली होती. पण तिचा नुसता जळफळाट होत होता. सवतीचा मत्सर बायका चारचौघीत बोलून तरी मोकळ्या होतात. लेकीच्या मैत्रिणीचा मत्सर कुणापुढं बोलायचा? जिला कधी पाहिलं नाही त्या पोरीला ती पाण्यात पाहू लागली. कुठल्या घरची असेल, आई कशी असेल तिची, असली पोर मोकाट सोडणारी!

तिनं आडून आडून विचारलं. गंगम्मानं ताकास तूर लागू दिली नाही. मग शनिवारी महानंदा शाळेच्या फाटकाशी उभी राहिली. मुलींना विचारलं. नागव्वा कुणालाच ठाऊक नव्हती. ती तशीच तरातरा बाईंच्या खोलीत शिरली. गंगम्मा नुकतीच मागच्या दारानं नळावर गेली होती.

“बाई, आजपासनं माझी पोरगी हितं यायची न्हाय.”

“का हो? चांगलं चाललंय तिचं.”

“त्या नागव्वाला आधी तोडा. माझी पोरगी माझी राहिली न्हाय. उठता बसता तीच. मी कोण हाय मग?”

बाईंनी दार लोटून घेतलं आणि तिला बसायला सांगितलं.

“नागव्वा नावाची मुलगी कुठंच नाही, महानंदाबाई.”

“म्हंजे?”

“आमच्या कामाची ती एक रीत आहे. मुलीसाठी एक नवं माणूस तयार करायचं. नाव वेगळं, वागणं वेगळं. दोन आठवडे मुलीनं त्या माणसासारखं वागून बघायचं. घरी मात्र सांगायचं नाही. घरचे हसले की मुलगी पुन्हा आत जाऊन बसते. भिणं म्हणजेच आपण नव्हे, दुसऱ्या तऱ्हेनंही राहता येतं, एवढं तिला उमगलं की माझं काम झालं.”

महानंदाला हसावं की रडावं कळेना. आठवडाभर ती हवेशी भांडत होती. छातीवरचा धोंडा उतरला, आणि लगेच दुसरा बसला.

“म्हंजे ती तुमीच केली,” ती म्हणाली. “माझ्यासारखी भित्री नको, तुमच्यासारखी व्हावी म्हणून. मी आई आसून मला जमलं न्हाय, ते तुमी चार शनिवारात केलं. लई शिकलेल्या तुमी.”

बाईंनी नकारार्थी मान हलवली.

“मी फक्त नाव ठेवलं. तुला ठाऊक असलेलं, न भिणारं माणूस कोण, असं मी तिला विचारलं होतं. तर तिनं रुद्रप्पामामांकडून ऐकलेली दुधनीची एक मुलगी मला सांगितली. ती मुलगी म्हणजे लग्नाआधीच्या तुम्ही.”