होकार

ऐका.

"पुन्हा एकदा, नवरदेव! जीभ सैल सोडा. ते इंग्रजी घटकाभर दाराबाहेर ठेवा," बाई म्हणाल्या आणि वर्ग हसला.

नवरदेव हे नाव मागच्या बाकावरच्या पार्लरवालीनं ठेवलेलं. उभा जन्म इंग्रजीवर काढलेला, केस पिकत आलेला माणूस, ॲम्ब्युलन्सवर नोकरी, आणि हात धुऊन इटालियनच्या मागे लागलाय. म्हणजे प्रकरण असणारच. "सासुरवाडीला आम्हालाही न्या हो," ती म्हणायची. तो ओशाळं हसायचा. क्रियापदं चालवताना मात्र त्याच्या कपाळावर घाम यायचा.

बाईंनी एकदा त्याला बाजूला घेतलं होतं. "एखादं वाक्य अडलंय का? म्हणून दाखवा, मी अर्थ सांगते. दोन मिनिटांचं काम."

"नको. मग ते तुम्हालाही कळेल."

आठवा.

वळणावर उलटलेली इटालियन पर्यटकांची गाडी. स्ट्रेचरवर एक बाई. तिनं त्याची बाही घट्ट धरली आणि एकच वाक्य बोलत राहिली. प्रश्न होता, एवढं सुरावरून कळलं. मी वाचेन ना, असंच असणार. स्ट्रेचरवरची माणसं दुसरं काय विचारतात? रुग्णाला हो म्हणत राहायचं, धीर द्यायचा, ही या कामातली पहिली शिकवण. तिच्या भाषेतला 'हो' तेवढा त्याला येत होता. तो हसला. तिचा हात थोपटला. हो, म्हणाला. हो, हो.

तिनं बाही सोडली.

पुढे तिचा नवरा कोपराला पट्टी बांधलेल्या छोट्या लेकीला कडेवर घेऊन आभार मानायला आला. दुभाष्यामार्फत बोलला. "डॉक्टर म्हणतात, जखमा जीव जाण्यासारख्या नव्हत्या. मग तिनं धीर का सोडला? शेवटी काही बोलली का हो?"

"नाही," तो म्हणाला. आणि दुसऱ्याच दिवशी त्यानं या शिकवणीत नाव घातलं.

उत्तर द्या.

आजचा धडा वाईट बातमीचा. दुखणं, अपघात, मयत. अशा वेळी लोक साध्या बोलण्यात काय म्हणतात ते. बाईंनी एक वाक्य म्हटलं. वर्गानं ते एका सुरात घोळवलं, पाढे म्हणावेत तसं.

त्याची पेन्सिल थांबली. तेच शब्द. तोच चढता शेवट.

"याचा अर्थ, माझी मुलगी गेली का?" बाई खडू झटकत म्हणाल्या. "आता उत्तर. कोण देतंय? नवरदेव, तुम्ही."

तो उठून उभा राहिला. या वर्गात कुणी उठत नसे. मागून पार्लरवाली खुदकन हसली.

"नाही," तो इटालियनमध्ये म्हणाला. मग सावकाश, एकेक शब्द जपून खाली ठेवत: "नाही, ताई. तुमची मुलगी जिवंत आहे. मागच्या ॲम्ब्युलन्समध्ये आहे. नुसतं कोपर खरचटलंय. तुम्हाला हाका मारतेय."

बाईंचा चेहरा फुलला.

"शाब्बास! एक चूक नाही."