टँगोतली मोकळी सम

अर्जेंटिनातल्या कुणा संगीतकारानं बायकोबरोबर नाचायला म्हणून तो टँगो बांधायला घेतला आणि तो पुरा व्हायच्या आतच बायको गेली. मग शेवटची सम त्यानं तिच्या पावलासाठी मोकळीच ठेवली, अशी अण्णाप्पा आज वाजवणार होता त्या सुरावटीमागची कथा.

"सम सोडून उठलासा तर कोल्हापूरकर हसतील की!" शिवगंगानं नवऱ्याला बजावलं होतं.

पण ऑर्केस्ट्रात जन्मभर गाणाऱ्यांच्या मागं बसून ॲकॉर्डियन वाजवलेल्या अण्णाप्पाला आज पहिल्यांदाच अख्खं स्टेज एकट्याला मिळालं होतं. तो म्हणाला, "तिची जागा हाय ती. मी न्हाय भरणार."

संध्याकाळी खच्चून भरलेलं सभागृह मांडीवर ताल धरून ऐकत होतं. शेवट आला. अण्णाप्पानं भाता आवळला आणि बोटं उचलली.

त्याच्या उजव्या बाजूला, रिकाम्या फळ्यांवर, टाच वाजली. बरोबर समेवर.

सभागृह उठून उभं राहिलं. शिट्ट्या, आरोळ्या, "वन्स मोअर!" शिवगंगा तर खुर्चीवर चढून टाळ्या पिटत होती. अण्णाप्पाचा ऊर भरून आला. जिंकलं होतं त्यानं कोल्हापूर!

संयोजक पूर्णिमाताईंनी त्याच्या डोक्यावर भगवा फेटा चढवला.

"वाजवलं झ्याकच, अण्णा! पण एवढी नाचली बाई, तिला ओटी भरल्याबिगर कसं धाडायचं?"

असं म्हणून त्या त्याच्या उजवीकडं वळल्या आणि ओंजळभर तांदूळ, खण, नारळ त्यांनी समोर सोडला.

अण्णाप्पानं खाली बघितलं. फळ्यांवर एक दाणाही पडला नव्हता.