खिशात मावेल असं

"हे घ्या. खिशात आहे हेसुद्धा विसरून जाल," असं म्हणत बंदुकांच्या दुकानातल्या डॉनाने काचेच्या कपाटातून एक छोटं काळं पिस्तूल काढलं आणि काउंटरवरच्या रबरी मॅटवर ठेवलं.

मोरेश्वर दोन पावलं मागे सरले. अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या मोटार कंपनीत तीस वर्षं गिअरबॉक्स डिझाइन केलेला सत्तरीचा माणूस, पण ती तळहाताएवढी वस्तू बघून त्यांना घाम फुटला.

"बाबा, अनलोडेड आहे. चावत नाही ते," आश्लेषा म्हणाली.

नवऱ्यापासून वेगळं होऊन तिला चार महिने झाले होते. 'आमचं पटत नाही' यापलीकडे तिने आईवडिलांना काही सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही खोदून विचारलं नव्हतं. आज सकाळी मात्र तिचा फोन आला. नव्या अपार्टमेंटचं पार्किंग फार सुनसान आहे, पिस्तूल घ्यायचंय, लायसन्सही काढलंय, येता का सोबत? मोरेश्वर हो म्हणाले ते वेगळ्याच विचाराने. दहा दिवसांपूर्वी अनिशने, जावयाने, फोन केला होता. "बाबा, चुकलं माझं. एकदा तिच्याशी समोर बसून बोलू द्या." किती नरमाईने बोलला होता! मोरेश्वरांनी आणि त्यांच्या बायकोने, शैलाताईंनी, आज बारा वाजता त्याला जेवायला बोलावलं होतं, आणि लेकीला त्यातलं काही कळू दिलं नव्हतं. दुकानातून लेकीला थेट घरी न्यायचं, वाटीत बासुंदी पडली की दोघं विरघळतील, आणि सोमवारी ही वस्तू दुकानात परत देऊन टाकू, असा म्हाताऱ्याचा साधा बेत होता.

आश्लेषाने पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढून पाहिला. तो अर्ध्यातच अडला.

"जितकं हलकं, तितका झटका जास्त," डॉना म्हणाली. साठीची, केसांचा घट्ट अंबाडा घातलेली बाई होती ती. "आणि ओढायलाही जड. दुसरं देते. ठेवणार कुठे?"

"जॅकेटच्या खिशात."

"किती अंतरावरून चालवावं लागेल असं वाटतं?"

"तीन फूट," आश्लेषा पटकन म्हणाली. "मागच्या वेळी तेवढ्याच अंतरावर होता तो."

डॉनाने वर पाहिलं. मग आश्लेषा बोलत गेली. आईवडिलांना मराठीत जे चार महिने सांगता आलं नाही, ते तिने त्या अनोळखी बाईला इंग्रजीत, पिस्तुलाकडे बघत, शांतपणे सांगितलं. त्याने किचनच्या फरशीवर पाडून तिचा गळा दाबला होता. डोळ्यांपुढे अंधार येईपर्यंत. जवळ फिरकायचं नाही अशी कोर्टाची ऑर्डर होती, तरी गेल्या मंगळवारी तो तिच्या गाडीमागे उभा होता. पुढच्या वेळी काम अर्धवट सोडणार नाही म्हणाला.

चाळीस वर्षं अमेरिकेत काढूनही मोरेश्वरांना क्षणभर वाटलं, आपल्याला इंग्रजी नीट कळलेलं नाही.

"पण नवं घर त्याला सापडलं कसं?" डॉनाने विचारलं.

"काय माहीत. आईबाबांशिवाय कुणाला ठाऊकच नाही."

मोरेश्वरांनी काउंटरची कड घट्ट धरली. तिचे थंडीचे कोट माझ्याकडे राहिलेत बाबा, पाठवू कुठे, असं अनिशने त्याच फोनवर विचारलं होतं. आणि त्यांनी चष्मा लावून, डायरीतून, रस्त्याचं नाव, बिल्डिंग, अपार्टमेंट नंबर असं सगळं वाचून दाखवलं होतं. वर विचारलं नसताना सांगितलं होतं, संध्याकाळी सहाला येते ती कामावरून.

"मी दिला," ते म्हणाले.

"काय?"

"पत्ता. मीच दिला गं. कोट पाठवायचे म्हणाला."

"बाबा!"

ती रागावली असती, ओरडली असती तर त्यांना सोसलं असतं. पण ती घाबरली होती, आणि या घडीला त्यांनाच घाबरली होती. पिस्तूल मॅटवर ठेवून ती त्यांच्यापासून जराशी लांब सरकली.

"अजून काय सांगितलंत त्याला? बाबा, टेल मी. सगळं सांगा."

मोरेश्वरांना भिंतीवरचं घड्याळ दिसलं. बारा वाजायला पंधरा मिनिटं होती.

"आज... जेवायला बोलावलंय. घरी. बारा वाजता. म्हटलं, तुम्ही दोघं समोरासमोर..."

"आणि आई? आई एकटी आहे घरी?"

त्यांनी मानेनेच हो म्हटलं. आश्लेषाने गाडीची किल्ली उचलली.

"फोन लावा तिला. आत्ता. सांगा, दार उघडू नकोस म्हणून."

दोनदा भलताच नंबर लागला. तिसऱ्यांदा शैलाताईंनी फोन उचलला. मागे तेलाची चुरचुर ऐकू येत होती.

"अहो, आहात कुठे तुम्ही?" त्यांचा आवाज आनंदाने नुसता ओसंडत होता. "अनिश केव्हाचा आलाय. मला पुऱ्या लाटून देतोय बिचारा. दर पाच मिनिटांनी विचारतोय, आश्लेषा कुठवर आली?"