सायीचा रंग

कारभाऱ्यानं माझ्यावर दुसरी केली. "थोरलीच्या खोलीत पाऊल टाकणार न्हाई," असं त्यानं भोंगवलीच्या नव्या सासऱ्यापुढं भंडारा उचलून सांगितलं, आन् लग्नासाठी घर रंगवायचं माझ्याच गळ्यात घातलं. धाकलीच्या खोलीला म्या चुन्यात नीळ घातली. माझ्या खोलीला चिमूट चिमूट पिवडीची पिवळी माती मिसळून, कारभाऱ्याची काळी घोंगडी भिंतीशी धरून, तिच्यावर उठून दिसंल असा सायीचा रंग पारखला. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, डिंक ऱ्हायला की! चुना अंगाला लागंल." म्या म्हणलं, "लागू द्या." लग्नाला पंधरवडा झाला न्हाई तोच कारभारी राती माझं दार वाजवू लागला. म्या कडी लावूनच ठेवली. भोंगवलीचा सासरा लेकीला न्यायला येणार, त्याच्या आदल्या राती कडी काढली. सकाळी सासऱ्याला दोन्ही खोल्यांचं रंग हौसेनं दावलं. जावई पाया पडायला वाकला. पाठीवरच्या घोंगडीवर माझी अख्खी भिंत होती.